आठवी आज्ञा आणि आपला अंगठा

(चिंतनासाठी शास्त्रपाठ : निर्गम २०:१६, अनुवाद १७:६-७, लूक १:१-४, लूक २:१५-२०)



आजचे चिंतन आम्ही एका कबुलीने सुरू करतो. इतरांना उपदेश करणाऱ्याने आधी स्वतःचा दोष सांगावा, हे बरे.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही निवासात परतलो, तोच मोबाईलवर एक संदेश आला. पाठवणारी व्यक्ती ओळखीची, भल्या घरातली. सोबत एक फोटो होता. शाळेच्या फाटकाजवळ एक माणूस सायकलशी वाकून उभा आहे. खाली लिहिले होते की हा इसम काही दिवसांपासून मुलांवर पाळत ठेवून फिरत आहे, पालकांनी सावध राहावे, संदेश जास्तीत जास्त लोकांना पाठवावा. आम्ही तो वाचला, मनात काळजी दाटून आली, आणि 'सर्वांनी काळजी घ्यावी' अशी एक ओळ जोडून तो पॅरिश कौन्सिलच्या ग्रुपवर टाकला. फार तर अर्ध्या मिनिटाचे काम. मग आम्ही जेवायला बसलो.

तासाभरात तो संदेश धर्मग्रामातील वाडीवाडीत पोचला. वाटेत त्याला आणखी तीन शब्द चिकटले होते : 'फादरांनी पाठवले आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर काही तरुणांनी त्या माणसाला अडवले. सायकल हिसकावली, दोन-चार थपडा लगावल्या. आणखी काय झाले असते कोण जाणे! पण समोरच्या घरातून एक आजी अंगणात सांडत असलेली पाण्याची बादली तशीच टाकून धावत आल्या आणि ओरडल्या, "अरे, हा तर आपला भंगारवाला! पंधरा वर्षे माझी रद्दी नेतो हा! कोणाला मारता?" त्या माणसाच्या सायकलची चेन शाळेजवळ निसटली होती. ती बसवण्यासाठी तो वाकला होता. कोणीतरी फोटो काढला, कोणीतरी त्याचा अर्थ लावला, आणि त्या अर्थावर आम्ही धर्मगुरूच्या नावाचा शिक्का मारला.

बंधुभगिनींनो, हा माणूस आमच्या निवासातलीही जुनी वर्तमानपत्रे नेत असे. फोटोतला चेहरा आम्ही नीट पाहिलाच नव्हता!

एका थपडेवर थांबले, हे देवाचे उपकार

सगळीकडे अशी आजी वेळेवर धावून येत नाही. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही माणसे पोटासाठी फिरत तेथे आली होती. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून राज्यभर पसरल्या होत्या. कोणाला तरी संशय आला, गर्दी जमली आणि पाच जणांना ठेचून मारण्यात आले. यांतील बहुतेक माणसे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातली. भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. एकही मूल त्यांनी पळवले नव्हते.

राईनपाडा दूर वाटते का? मग आपल्याच पालघर जिल्ह्याकडे पाहू. १६ एप्रिल २०२० ची रात्र. करोनाची टाळेबंदी चालू होती. सुरतेला एका अंत्यसंस्कारासाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने ठार मारले. तेथेही आधी चोर आल्याच्या, मुले पळवणारे आल्याच्या अफवा होत्या. तीन माणसे गेली, तरी अफवा थांबल्या नाहीत. मारणारे अमुक धर्माचे होते, असे नवे संदेश लगेच फिरू लागले. शेवटी राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांच्या नावांची यादीच जाहीर करावी लागली.

आपण म्हणू, 'मारणारे वेगळे, आम्ही फक्त पाठवले.' येथे पवित्र शास्त्र आपल्याला थांबवते. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको, असे सांगते. मुळात ही आज्ञा न्यायसभेतील साक्षीसंबंधी आहे. मोशेच्या नियमशास्त्रात आणखी एक तरतूद होती. एकाच्या साक्षीवर कोणाला मृत्युदंड देता येत नसे, दोन किंवा तीन साक्षीदार लागत. आणि शिक्षा अंमलात आणताना पहिला हात साक्षीदारांचा उठला पाहिजे, असा नियम होता (अनुवाद १७:६-७). किती खोल विचार आहे पाहा! तू बोललास, तर तुझ्या बोलण्याने जे घडेल त्यात तुझा हात आहे, हे तुला दिसले पाहिजे. आज आपण साक्ष देतो आणि जेवायला बसतो. दगड दुसऱ्या गावात पडतो, आपल्याला त्याचा आवाजही ऐकू येत नाही.

जाणण्याची इच्छा : दोन वाटा

मग मोबाईल वाईट आहे का? इंटरनेट सैतानाचे आहे का? तसे ख्रिस्तसभेने कधीच म्हटलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयी 'इंटर मिरिफिका' हा हुकूमनामा काढला. माणसाला माहिती मिळण्याचा हक्क आहे, मात्र ती माहिती खरी असावी, आणि न्याय व प्रीती सांभाळून शक्य तितकी पूर्ण असावी, असे त्यात शिकवले आहे. १९६७ पासून ख्रिस्तसभा दरवर्षी जागतिक संपर्क दिनही पाळत आली आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला संत थॉमस अक्विनास यांचा एक भेद शिकवला गेला. परीक्षेपुरता तो पाठ केला. त्याचा अर्थ मात्र मोबाईल हातात आल्यावर कळला. संत थॉमस म्हणतात की जाणण्याची इच्छा देवानेच माणसात ठेवली आहे. पण ती दोन वाटांनी जाऊ शकते. एक वाट सद्‌गुणाची. आपल्याला जे जाणणे आवश्यक आहे ते कष्टाने, क्रमाने आणि सत्यासाठी जाणणे. या सद्‌गुणाला आपण अभ्यासवृत्ती म्हणू. दुसरी वाट दुर्गुणाची. जे आपल्या कामाचे नाही त्यात डोकावणे, मिरवण्यासाठी माहिती जमवणे, दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी त्याच्या घरात नजर टाकणे, आणि या नादात आपले खरे कर्तव्य विसरणे. हा नसता चौकसपणा.

त्यांच्याही कितीतरी आधी, इ. स. ४०० च्या सुमारास, संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स' या ग्रंथात हीच दुर्बलता स्वतःविषयी कबूल केली आहे. घरात बसलेले असताना पाल माशा कशी पकडते ते पाहण्यात आपले मन गुंतून जाते, असे हा थोर बिशप लिहितो! आज ती पाल आपल्या खिशात आहे. रात्री अकराला 'एकच व्हिडिओ' म्हणून आपण अंगठा वर सरकवतो आणि घड्याळात साडेबारा वाजतात. काय पाहिले ते सकाळी आठवत नाही. कुटुंबप्रार्थनेला मात्र 'आज फार दमलो' हे कारण असते.

माहिती तीच, मोबाईल तोच. वाट कोणती, हे आपण ठरवतो. ती ओळखण्यासाठी संत लूकच्या शुभवर्तमानातील पहिली दोन प्रकरणे आपल्याला पुरेशी आहेत. तेथे माहिती शोधणारा लूक आहे, ती जपणारी मरीया आहे आणि ती पोचवणारे मेंढपाळ आहेत.

१. शोधणे : संत लूककडून शिकू या

लूकने आपल्या शुभवर्तमानाची सुरुवात कशी केली, ते आपण बहुधा घाईत वाचतो. पहिल्या चार ओव्यांत तो आपली कामाची पद्धत सांगतो. त्याच्यापूर्वी अनेकांनी लिहिले होते, हे तो मान्य करतो. ज्यांनी घटना प्रत्यक्ष पाहिल्या त्यांच्यापर्यंत तो पोचतो. सर्व गोष्टींचा आरंभापासून बारकाईने शोध घेतो. मग त्या क्रमवार मांडतो. आणि हे सारे तो थियफिल या एका माणसासाठी करतो, त्याला मिळालेल्या शिक्षणाची त्याला खात्री पटावी म्हणून.

पवित्र आत्म्याची प्रेरणा असूनही लूकने चौकशीचे कष्ट चुकवले नाहीत. मग आपल्याला ते का चुकावेत? तो संदेश आला त्या संध्याकाळी लूकचे तीन प्रश्न आम्ही विचारले असते, तर एका गरिबाची अब्रू वाचली असती. हे कोणी पाहिले? मूळ काय आहे? कोणाच्या हितासाठी मी हे सांगतो आहे?

मूळ शोधायची सवय भक्तीच्या बाबतीतही हवी. शांतीचे साधन होण्याची एक सुंदर प्रार्थना आपण असिसीकर संत फ्रान्सिस यांची म्हणून गातो. प्रत्यक्षात ती १९१२ साली फ्रान्समधील 'ला क्लोशेत' या छोट्या मासिकात प्रथम छापली गेली. संत फ्रान्सिस १२२६ साली वारले! प्रार्थना सुंदरच आहे, ती अवश्य म्हणावी. पण मोबाईल नसतानाही चुकीचे नाव इतके घट्ट चिकटू शकले, तर आज काय होत असेल याचा विचार करावा.

गूगलवर काही शोधताना सर्वांत वर जे येते ते सर्वांत खरे, असा आपला समज असतो. तसे नाही. इतर पाने कोणत्या पानाकडे बोट दाखवतात, आपण कोठून शोधतो आहोत, अशा अनेक गोष्टी पाहून यंत्र तो क्रम लावते. जाहिरातीची जागा तर पैसे देऊन मिळते. रात्री दोन वाजता मुलाचा ताप उतरत नाही म्हणून आई मोबाईल उघडते आणि जगातले सगळे भयंकर आजार वाचून रडत बसते, असे आम्ही पाहिले आहे. माहिती पुष्कळ होती, पण आधार एकही नव्हता. अशा वेळी ओळखीच्या डॉक्टरांना उठवावे. शेजारच्या अनुभवी मावशीला हाक मारावी.

आता तर विचारले की लगेच उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. मागे एका तरुणाने युवक मेळाव्यासाठी भाषण लिहून आणले. त्यात संत ऑगस्टीन यांचे एक सुरेख वचन होते. आम्हांला ते फार आवडले. कोणत्या ग्रंथातले, असे विचारले. त्याने मोबाईलला विचारले. मोबाईलने न अडखळता ग्रंथ आणि प्रकरण सांगितले. आम्ही कपाटातून तो ग्रंथ काढला. त्या प्रकरणात ते वचन नव्हतेच! तरुणाने कोणाला फसवले नव्हते, तो स्वतःच फसला होता. ही यंत्रे अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, हे शिकलेली असतात. त्यांच्याजवळ शब्द आहेत, साक्ष नाही. लूकने विचारले ते 'कोणी पाहिले?' आणि येथे पाहणारा कोणीच नाही.

चित्रांचेही तेच. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस पांढऱ्या, फुगीर, महागड्या जॅकेटमध्ये चालत आहेत, असे छायाचित्र जगभर फिरले. ते संगणकाने तयार केलेले होते. कितीतरी लोकांना ते खरे वाटले, काहींनी पोप महोदयांच्या साधेपणावर शंकाही घेतली. पुढे २०२४ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी लिहिताना, आपणही अशा बनावट चित्राचा विषय झालो होतो, हे त्यांनी नमूद केले. आता डोळ्यांनी पाहिलेले चित्रही पुरावा ठरत नाही. म्हणून कोणाच्या वैऱ्याविषयीही असे काही दिसले, तरी आपण थांबायला शिकले पाहिजे.

२. जपणे : पवित्र मरीयेकडून शिकू या

बेथलेहेमात त्या रात्री पुष्कळ बातम्या आल्या. सर्वांनी आश्चर्य केले. मरीयेविषयी मात्र लूक सांगतो की तिने या सर्व गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या आणि त्यांचे मनन केले (लूक २:१९). आपणही साठवतो, पण मोबाईलच्या गॅलरीत. हजारो फोटो, शेकडो 'सुप्रभात', प्रवचनांचे व्हिडिओ. जागा संपली की मोबाईल कुरकुर करतो आणि आपण पुसत बसतो. यातले मननासाठी किती? महिन्यातून एकदा शांत बसून काय ठेवायचे, काय पुसायचे हे ठरवणे, हेही आजच्या काळातील एक आत्मपरीक्षणच आहे.

मरीयेच्या जपण्याचा दुसरा अर्थ अधिक गंभीर आहे. तिला जे ठाऊक होते ते सर्व तिने सर्वांना सांगितले नाही. प्रत्येक खरी गोष्ट प्रत्येकाला सांगायची नसते. ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण (परिच्छेद २४७७) दुसऱ्याच्या नावलौकिकाविरुद्धची तीन पापे सांगते. पुराव्याशिवाय मनात दुसऱ्याला दोषी ठरवणे, हा उतावळा निवाडा. खोटे बोलून त्याचे नाव बिघडवणे, हा खोटा आळ. आणि योग्य कारण नसताना त्याचा खरा दोष माहीत नसलेल्यांना सांगणे, ही निंदा. हे तिसरे पाप आपल्याला पाप वाटतच नाही, कारण 'खरे तेच सांगितले' हे समर्थन तयार असते. खरेपणा हवाच, पण तेवढा पुरत नाही. सांगण्याचा अधिकारही असावा लागतो.

दोषच कशाला, दुःखाचेही तसेच. एका कुटुंबातील मुलीच्या आजाराचा वैद्यकीय अहवाल 'प्रार्थना करा' अशा ओळीसह ग्रुपवर आला. पाठवणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. अहवाल खरा होता. पण त्यावर तिचे नाव, वय, आजाराचे नाव सगळे होते, आणि तिला कोणी विचारले नव्हते. ती बरी झाली. पण पुढे तिच्या लग्नाच्या बोलण्यात तोच कागद कोणाच्या तरी मोबाईलमधून बाहेर आला. आपली प्रार्थना देवाकडे गेली, अहवाल मात्र सोयरिकीच्या घरी गेला! बंधुभगिनींनो, 'आपल्या एका आजारी भगिनीसाठी प्रार्थना करू या' एवढे लिहिले तरी देवाला पुरते. त्याला नाव ठाऊक आहे.

धर्मगुरू या नात्याने आम्हांला हे विशेष जाणवते. पापनिवेदनात ऐकलेला एक शब्दही आम्ही कोणाला सांगू शकत नाही. जीव गेला तरी नाही. पश्चात्तापी व्यक्तीला त्रास होईल अशा रीतीने ती माहिती वापरूही शकत नाही. ते ज्ञान आमचे नसते, देवाची ठेव असते. प्रत्येक ख्रिस्ती माणसाजवळ अशा छोट्या ठेवी असतात. मैत्रिणीने रडत सांगितलेले दुःख, शेजाऱ्याच्या कर्जाचा कागद, सुनेचा फोटो. आपल्या देशात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. कायदा आपले काम करील. पण प्रीती कायद्याच्या आधी जागी झाली पाहिजे.

आपली स्वतःची माहिती जपणे हेही कर्तव्य आहे. आमच्या ज्येष्ठ बंधुभगिनींना कळकळीने सांगतो : पोलीस, न्यायालय किंवा बँक यांच्या नावाने व्हिडिओ कॉल येतो, 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, कोणाला सांगू नका, पैसे भरा' असे धमकावले जाते. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. फोन बंद करावा, घरच्यांना हाक मारावी. ओटीपी कोणालाही देऊ नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. आणि लाजू नये. जन्मभराची पुंजी गेल्यावर शरमेने गप्प बसलेला माणूस दुप्पट लुटला जातो. चर्चचे दार आपल्यासाठी उघडे आहे. मुलांनीही 'तुम्हांला कळत कसे नाही?' असे आईवडिलांना बोलू नये.

३. पोचवणे : मेंढपाळांकडून शिकू या

मेंढपाळांना बातमी देवदूताकडून मिळाली होती. यापेक्षा खात्रीचा निरोप कोणता? तरीही त्यांनी काय केले? ते उठले, बेथलेहेमास गेले, मरीया, योसेफ आणि गव्हाणीतले बाळ त्यांनी पाहिले, आणि मग सांगितले. आधी पाय, मग डोळे, मग तोंड. आपला क्रम नेमका उलटा झाला आहे.

आपल्या संदेशांची वाट कशी असते हे थोडे समजून घेऊ. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश कुलूपबंद होऊन जातो, तो पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय वाटेत कोणी वाचू शकत नाही, ती कंपनीही नाही. खासगीपणासाठी हे चांगलेच आहे. पण त्याचा अर्थ असा की वाटेत खरे-खोटे पाहणारा कोणी पहारेकरी नाही. जुलै २०१८ मध्ये, जमावहत्यांच्या त्या काळात, कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. असा संदेश ओळखण्यासाठी त्यावर दुहेरी बाण दिसतो. दुहेरी बाण दिसला की समजावे, हा संदेश लिहिणाऱ्याला पाठवणारा ओळखतही नसेल. यंत्राने बाण दाखवला, गती कमी केली. याहून अधिक त्याच्या हातात नाही. उरलेला पहारेकरी म्हणजे आपला विवेक, आणि त्याची चौकी आपल्या अंगठ्यावर आहे.

'हा संदेश अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल' अशा साखळ्या संतांच्या नावानेही येतात. त्या निःशंकपणे पुसाव्यात. आपला स्वर्गीय पिता धमक्या देऊन प्रार्थना वसूल करीत नाही.

पोचवणे सुंदरही असू शकते. कार्लो अकुतिस हा इटलीतील मुलगा १९९१ साली जन्मला आणि १२ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने देवाघरी गेला. संगणकाचे त्याला विलक्षण वेड होते. पवित्र मिस्साबलिदानातील ख्रिस्ताच्या उपस्थितीविषयीचे चमत्कार त्याने देशोदेशींहून शोधले, त्यांची माहिती क्रमवार लावली आणि इंटरनेटवर मांडली. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संत म्हणून घोषित केले. जीन्स घालणाऱ्या, संगणकावर बसणाऱ्या मुलाला ख्रिस्तसभेने वेदीवर बसवले. शोधणे, जपणे, पोचवणे या तिन्ही गोष्टी त्याने केल्या, पण रोजची मिस्सा सोडली नाही. पालकांनो, मुलाच्या हातून मोबाईल हिसकावताना त्याला हेही सांगा की याच साधनाने कोणी संतपदाला पोचला आहे. आणि त्याआधी स्वतःचा मोबाईल खाली ठेवा.

झालेले नुकसान कसे भरायचे?

आता आमची गोष्ट पुरी करतो. त्या आजींना सोबत घेऊन आम्ही त्या भंगारवाल्याच्या खोलीवर गेलो. त्याने आम्हांला बसायला स्टूल दिले, स्वतः उभा राहिला. आम्ही क्षमा मागितली. तो म्हणाला, "फादर, मारलं त्याचं काही नाही. पण माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या वर्गातल्या मुलींनी तिला तो फोटो दाखवला." आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पुढच्या रविवारी सर्व मिस्सांमध्ये आम्ही वेदीवरून चूक कबूल केली. ग्रुपवर खुलासा टाकला. खोटा संदेश तासाभरात वाडीवाडीत गेला होता. खुलासा कितीकांनी पुढे पाठवला? फार थोड्यांनी. खऱ्याला तिखटमीठ नसते. मूळ संदेश पुसू पाहिला, तर ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांच्याकडून तो पुसला जात नाही. आठ महिन्यांनी तोच फोटो दुसऱ्या एका शहराचे नाव लावून आम्हांला परत आला. संत फिलिप नेरी यांनी एका निंदक बाईला कोंबडीची पिसे वाटेवर उडवून ती पुन्हा गोळा करायला सांगितल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज प्रत्येक पिसाला आणखी शंभर पिसे फुटतात.

तरीही भरपाईचे कर्तव्य सुटत नाही. ख्रिस्तसभा शिकवते की ज्याने दुसऱ्याचे नाव बिघडवले, त्याने पापक्षमा मिळाल्यावरही ते नुकसान शक्य तितके भरून दिले पाहिजे (परिच्छेद २४८७). पापनिवेदनात देव क्षमा करतो, पण भंगारवाल्याच्या मुलीच्या वर्गात कोणीतरी जावे लागते. आम्ही शाळेत गेलो, मुख्याध्यापिकांच्या परवानगीने त्या वर्गापुढे उभे राहून सांगितले की चूक आमची होती. मुलींनी निमूट ऐकले. तो माणूस आजही रद्दी नेतो. मात्र शाळेच्या रस्त्याने येत नाही, लांबून वळसा घालून येतो. तो वळसा दिसला की आम्हांला आपली आठवी आज्ञा आठवते.

या आठवड्यासाठी संकल्प

१) कोणाविषयी काहीही पुढे पाठवण्यापूर्वी एक 'प्रणाम मरीया' म्हणावी. तेवढा वेळ थांबलो, तरी पुष्कळ पापे टळतील. मग विचारावे : कोणी पाहिले? मूळ काय? कोणाचे हित?

२) संशयास्पद माणसाचा फोटो ग्रुपवर टाकू नये. खरीच शंका असेल तर ११२ वर पोलिसांना कळवावे. मुलांचे रक्षण त्यानेच होईल.

३) प्रार्थनेची विनंती पाठवताना आजाऱ्याची परवानगी घ्यावी. अहवाल आणि फोटो पाठवू नयेत.

४) आपल्या हातून चुकीचे काही गेले असेल, तर जेथे जेथे पाठवले तेथे तेथे 'ते चुकीचे होते, मी दिलगीर आहे' असे लिहावे. कमीपणा वाटेल. तो आपल्या प्रायश्चित्ताचा भाग समजावा.

५) कुटुंबप्रार्थनेच्या वेळी घरातील सर्व मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावेत. फादरांचाही ठेवला जाईल.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू सत्य आहेस आणि तू कोणालाही तुच्छ लेखले नाहीस. आमचे डोळे शोधू देत ते सत्यच. आमचे अंतःकरण जपू दे ते दुसऱ्याचे दुःख. आमचा हात पोचवू दे ते ज्याने कोणाचे भले होईल. ज्यांची नावे आमच्या हातून मळली, त्यांच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.

प्रभूमध्ये आपलेच,
धर्मग्रामाचे फादर